फादर स्टीफन्स

इ. स. १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात लिस्बनहून निघालेले एक जहाज गोव्यास पोहोचले. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक त्यातून उतरले. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते आणि येथील भाषा व ग्रंथ यांच्याकडे राज्यकर्ते संशयाने पाहत असत.

स्टीफन्स धर्मप्रसारासाठीच आले होते. परंतु त्यांनी निराळी वाट धरली. साष्टी प्रांतात राहून ते कोंकणी व मराठी शिकले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांची जागा रिकामीच राहिली होती. हे जाणून स्टीफन्स यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवी छंदात सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. स्वर्गाला त्यांनी श्रोत्यांच्या ओळखीचा ‘वैकुंठ’ हा शब्द योजला.

१६१६ साली हा ग्रंथ राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. १६१९ साली स्टीफन्स गोव्यातच निवर्तले. त्यांचे कोंकणी व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. पुढे १६८४ साली पोर्तुगीजांनी लोकभाषेच्या वापरावर बंदी घातली; तथापि ‘ख्रिस्तपुराण’ हस्तलिखितांतून टिकून राहिले.

दुसऱ्यास आपले सांगावयाचे असेल, तर आधी त्याची भाषा आदराने शिकावी, हाच या चरित्राचा बोध होय.