हिमालयाचे वाटसरू

छत्रपती संभाजीनगरला डिसेंबरात थंडी चांगलीच पडते, पण बर्फ काही पडत नाही. आपल्याला ठाऊक असतात त्या गारा. त्या ताडताड आपटतात आणि उभे पीक झोडपून जातात. हिमाची रीत निराळी. ते पिंजलेल्या कापसासारखे, आवाज न करता उतरते. अशा हिमाच्या डोंगरांची ओढ लागलेले एक मराठी शिक्षक शेकडो मैल पायी चालले. त्यांचे नाव दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर.

त्यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी सातारा येथे झाला. साताऱ्याच्या डोक्यावरच अजिंक्यतारा किल्ला आहे, त्यामुळे डोंगर त्यांच्या रोजच्या पाहण्यातला. वडिलांची नोकरी सरकारी. त्यांच्या बदल्यांमुळे कारवारचा समुद्रही लहानपणीच पाहायला मिळाला. १९०७ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाले. पुढे बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवू लागले. तेथे विद्यार्थी शिक्षकांना नात्याने हाक मारत. कोणी मामा झाले, कालेलकर काका झाले. हे नाव त्यांना जन्मभर चिकटले.

इंग्रज सरकारला ही राष्ट्रीय शाळा खुपत होती. ती बंद पडली. १९१२ साली काकासाहेब हिमालयाकडे निघाले. घरी पत्नी होती. घरच्यांना ते सोपे गेले नसेल. वाटेत अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद या मित्रांची सोबत होती.

त्या काळी तेथल्या डोंगरांत मोटारीचे रस्ते नव्हते. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ ही सारी वाट त्यांनी पायी काटली. दिवसभर चढउतार आणि रात्री चट्टीवर मुक्काम. चट्टी म्हणजे यात्रेकरूंनी रात्र काढण्याची साधी जागा. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच. केदारनाथचे मंदिरच सुमारे ३५०० मीटरांवर आहे. हिवाळ्यात तेथे इतके हिम साचते की मंदिर सुमारे सहा महिने बंद असते. उन्हाळ्यात ते वितळू लागले की नद्यांना पाणी येते. पहाटे हिमशिखरांवर प्रथम गुलाबी रंग चढतो, मग सोनेरी. ऊन वर आले की पांढऱ्या रंगाने डोळे दिपतात. पायांचा शीण तेथे विसरायला होतो.

हिमालयात राहून साधना करावी, असा त्यांचा विचार होता. पण देश पारतंत्र्यात होता. मन तेथे रमेना. ते खाली उतरले. १९१५ साली शांतिनिकेतनात गांधीजींची भेट झाली आणि पुढे ते साबरमती आश्रमात शिक्षक झाले. तेथील विद्यार्थ्यांच्या हस्तलिखित मासिकासाठी त्यांनी हा प्रवास काही वर्षांनंतर आठवणीतून लिहिला. लिहिला मात्र गुजरातीत! मातृभाषा मराठी, गुजराती मोठेपणी शिकलेली. तरी त्या भाषेवर त्यांचे असे प्रभुत्व की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ ठरवले. सवाई म्हणजे सव्वापट.

पुढे त्यांनी नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांतून हिंदुस्थानी भाषेच्या प्रचाराचे काम केले. तुरुंगवासही भोगला. २१ ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. ‘हिमालयनो प्रवास’ हे त्यांचे पुस्तक गुजरातीत आजही वाचले जाते. ‘हिमालय की यात्रा’ या नावाने ते हिंदीतही आहे.