रोनाल्ड फिशर

सर रोनाल्ड एल्मर फिशर (१७ फेब्रुवारी १८९०, लंडन – २९ जुलै १९६२, ॲडलेड) हे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ व आनुवंशिकीतज्ज्ञ होते. विचरण विश्लेषणाचे ते जनक मानले जातात.

जीवन

लहानपणापासून दृष्टी अधू असल्याने त्यांना गणिताचे धडे कागद-पेन्सिलीवाचून घ्यावे लागले. त्यामुळे प्रश्न भूमितीच्या रूपात मनातच सोडविण्याची सवय त्यांना जडली. १९१२ मध्ये ते केंब्रिजचे पदवीधर झाले. पहिल्या महायुद्धात दृष्टिदोषामुळे सैन्याने त्यांना नाकारले, तेव्हा काही वर्षे त्यांनी शाळेत अध्यापन केले. १९१९ मध्ये ते रॉदमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले.

बटाट्याचे प्रयोग आणि परस्परक्रिया

१९२३ मध्ये फिशर व विनिफ्रेड मॅकेंझी यांनी बटाट्याच्या बारा वाणांवरील खतांच्या प्रयोगाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. खताने उत्पन्न वाढते का, एवढाच त्यांचा प्रश्न नव्हता. ही वाढ सर्व वाणांत सारखी असते की वाणागणिक बदलते, हे त्यांना पाहायचे होते. वाणावाणांतील हा फरक जमिनीच्या व हाताळणीच्या स्वाभाविक चढउतारापलीकडे जात नाही, असे आढळले. एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकावर अवलंबून असणे, यास परस्परक्रिया म्हणतात.

समाश्रयणात हीच कल्पना गुणाकाराच्या पदाने मांडतात. गट दर्शविणाऱ्या चलाला ० किंवा १ हे मूल्य देऊन त्याचा खताच्या मात्रेशी गुणाकार केला, की त्या पदाचा सहगुणक म्हणजे दोन गटांतील खताच्या परिणामांचा फरक होय. गटांचे पृथक् विश्लेषण करून एकात परिणाम लक्षणीय व दुसऱ्यात अलक्षणीय आला, म्हणून गट भिन्न ठरत नाहीत. दुसऱ्या गटातील निरीक्षणे कमी असली तरी तसे घडते. म्हणून त्या फरकाचीच त्याच्या प्रमाण त्रुटीशी तुलना करावी लागते. विद्यार्थी व संशोधक दोघेही येथे वारंवार चुकतात.

एका वेळी एकच घटक बदलावा, हा रूढ दंडक फिशर यांनी १९२६ च्या लेखात नाकारला. अनेक घटक एकत्र बदलल्यासच त्यांचे परस्परावलंबन दिसते, हा विचार त्यांनी १९३५ च्या 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या ग्रंथात विस्ताराने मांडला.

वाद

शेतात परस्परक्रिया कटाक्षाने शोधणाऱ्या फिशर यांनी मानवी आनुवंशिकतेत तिला फारसे महत्त्व दिले नाही, ही विसंगती नोंदविणे भाग आहे. आनुवंशिकता व परिस्थिती यांचे वाटे वेगळे काढता येत नाहीत, कारण एकीचा प्रभाव दुसरीवर अवलंबून असतो, असा आक्षेप लान्सलॉट हॉगबेन यांनी १९३३ च्या सुमारास घेतला. फिशर यांना ती गौण गुंतागुंत वाटली. ते सुप्रजननवादाचे पुरस्कर्ते होते. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, या निष्कर्षालाही त्यांनी उतारवयात विरोध केला.

उत्तरायुष्य

१९३३ पासून लंडनमध्ये व १९४३ पासून केंब्रिजमध्ये ते प्राध्यापक होते. १९३८ मध्ये कोलकात्यात भरलेल्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेस ते उपस्थित होते. सी. आर. राव हे त्यांचे विद्यार्थी. १९५२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. केंब्रिजमधील कीझ महाविद्यालयात त्यांच्या स्मरणार्थ बसविलेली लॅटिन चौरसाची रंगीत काचेची खिडकी सुप्रजननविषयक मतांमुळे २०२० मध्ये काढण्यात आली.