सुभेदार रामजी सकपाळ

बाबासाहेबांचे वडील, एवढीच रामजी सुभेदारांची ओळख आपल्या घराघरांतून दिली जाते. ती अपुरी आहे. लष्करी शाळेत ते हेडमास्तर होते. १८९२ साली महारांची पलटणभरती बंद झाली, तेव्हा सरकारकडे करावयाच्या अर्जासाठी न्यायमूर्ती रानड्यांचे साह्य त्यांनी मागितले. घर कबीरपंथी. चौदा अपत्ये झाली, जगली थोडी. पत्नी भीमाबाई साताऱ्यास वारल्या.

पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीत एकच खोली. भीमाने लवकर निजावे, सुभेदारांनी जागावे. रात्री दोनला त्याला उठवून अभ्यासाला बसवावे आणि मग त्याच्या जागी आपण अंग टाकावे. पुस्तकांना पैसे नसले की हा करारी लष्करी माणूस लेकीच्या दारी जाई, तिचा दागिना मारवाड्याकडे गहाण टाकी आणि पेन्शन आली की सोडवून परत देई. लेकींचेही हे ऋण आपण विसरतो.

तार मिळताच भीमराव बडोद्याहून आले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. त्याच वर्षी जुलैत मुलगा अमेरिकेत पोहोचला. ते पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही.