मनोऱ्याकडून मनोऱ्याकडे : धावपटू ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की

धावण्याच्या शर्यतींमध्ये 'स्टीपलचेस' हे नाव थोडे वेगळे आहे. 'स्टीपल' म्हणजे चर्चचा उंच मनोरा. अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये घोडेस्वार एका गावाच्या चर्चपासून दुसऱ्या गावाच्या चर्चपर्यंत शर्यत लावीत, असे सांगितले जाते. दूरवर दिसणारा मनोरा हे लक्ष्य, आणि वाटेत येतील ती कुंपणे, ओढे, बांध ओलांडायचे, एवढाच नियम. पुढे ही शर्यत माणसांची झाली. ३,००० मीटरच्या या शर्यतीत पुरुषांना २८ वेळा अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. ९१.४ सेंटिमीटर उंचीचा हा लाकडी अडथळा पाय लागला तरी पडत नाही; पडतो तो धावपटू. या खडतर शर्यतीवर ज्यांनी आपले नाव कोरले, त्यांपैकी एक म्हणजे पोलंडचे ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की. मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याच नावाचे थोर अभ्यासक परिचित असतील. हे मालिनोव्स्की मात्र मैदानावरचे.

४ जून १९५१ रोजी पोलंडच्या उत्तर भागातील नोवे या गावी त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात वडील पोलिश सैनिक म्हणून ब्रिटनमध्ये होते. तेथेच त्यांचा स्कॉटिश तरुणीशी विवाह झाला आणि युद्धानंतर हे दांपत्य पोलंडला परतले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात परक्या भाषेची सून होऊन आलेल्या त्या मातेच्या पोटी हा धावपटू जन्मला. व्हिस्तुला नदीकाठच्या ग्रुजोंत्स शहरातील ऑलिम्पिया हा त्यांचा क्लब होता.

१९७० साली ते युवा गटात युरोपचे विजेते ठरले. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये केनियाचे किपचोगे केइनो पहिले आले, मालिनोव्स्की चौथे. पदक एका क्रमांकाने हुकले, तेव्हा त्यांचे वय अवघे २१ होते. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये रोम येथे स्वीडनच्या आंदेर्स यार्देरुद यांना मागे टाकून ते युरोपचे विजेते झाले.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हे दोघे पुन्हा समोरासमोर आले. अखेरच्या अडथळ्यावर पूर्व जर्मनीचे फ्रांक बाउमगार्टल अडखळून पडले. यार्देरुद यांनी ८ मिनिटे ०८.०२ सेकंदांचा विश्वविक्रम केला. मालिनोव्स्की यांनी ८ मिनिटे ०९.११ सेकंदांत रौप्यपदक मिळवले. त्या दिवसापूर्वीच्या विश्वविक्रमाहूनही ही वेळ सरस होती. परंतु सुवर्णपदक दुसऱ्याच्या गळ्यात पडले. आपली सर्वोत्तम कामगिरी करूनही दुसरे यावे, हा अनुभव पचविणे सोपे नसते.

ते खचले नाहीत. १९७८ मध्ये प्राग येथे त्यांनी युरोपचे विजेतेपद राखले. अडथळ्यांविना लांब पल्ल्याच्या शर्यतींतही ते तितकेच तुल्यबळ होते. १९७९ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झालेल्या जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धेत चिखलातून धावत ते दुसरे आले; पहिले आले ते यजमान देशाचे जॉन ट्रेसी.

मग आले १९८० चे मॉस्को ऑलिम्पिक. अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ अमेरिकेसह अनेक देशांनी बहिष्कार घातला होता. केनियाही त्यांत होता. त्यामुळे विश्वविक्रमवीर हेन्री रोनो आलेच नाहीत. म्हणून मालिनोव्स्की यांचे यश उणे ठरवावे काय? शर्यतीकडे पाहिले की उत्तर मिळते. टांझानियाचे फिल्बर्ट बायी, जे एकेकाळी १,५०० मीटरचे विश्वविक्रमवीर होते, आरंभापासून अतिशय वेगाने सुटले आणि बरेच पुढे निघून गेले. मालिनोव्स्की यांनी घाई केली नाही. आपली गती राखून ते हळूहळू अंतर कमी करीत गेले आणि अखेरच्या पाण्याच्या खड्ड्यापाशी थकलेल्या बायी यांना त्यांनी गाठले. ८ मिनिटे ०९.७० सेकंदांत सुवर्णपदक त्यांचे झाले. बायी दुसरे आणि इथिओपियाचे एशेतू तुरा तिसरे आले. चौथा क्रमांक, रौप्य आणि मग सुवर्ण, हा आठ वर्षांचा प्रवास होता.

या वेळेचे मोल आपल्या वाचकांना एका तुलनेने कळेल. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे सुपुत्र अविनाश साबळे यांनी जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांचा भारतीय विक्रम नोंदवला. मालिनोव्स्की यांची मॉस्कोतील वेळ त्याहून किंचित कमी होती, आणि तीही ४४ वर्षांपूर्वी.

सुवर्णपदकाला जेमतेम चौदा महिने झाले होते. २७ सप्टेंबर १९८१ रोजी ग्रुजोंत्स येथील व्हिस्तुलावरील पुलावर त्यांच्या मोटारीची मालमोटारीशी समोरासमोर टक्कर झाली आणि त्यांचा जागीच अंत झाला. वय होते केवळ ३० वर्षे. शेकडो अडथळे लीलया ओलांडणाऱ्या या धावपटूला घराजवळच्या सपाट रस्त्यावर मृत्यूने गाठले.

आज त्या पुलाला त्यांचेच नाव आहे. आयुष्याची लांबी आपल्या हाती नसते. मात्र जितके अंतर वाट्याला येईल तितके धीराने, आपली गती न सोडता कसे धावावे, हे मालिनोव्स्की यांनी मॉस्कोच्या त्या मैदानावर दाखवून दिले.