रुडॉल्फ डिझेल

मोट मागे पडली, तसतशी वडवणीच्या शिवारातील विहिरींवर डिझेल इंजिने धडधडू लागली. डिझेल हे मुळात एका माणसाचे आडनाव होय.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे जर्मन मातापित्यांच्या पोटी झाला. १८७० साली युद्ध पेटले आणि कुटुंबाला पॅरिस सोडावे लागले. बारा वर्षांचे रुडॉल्फ जर्मनीतील ऑग्सबर्ग गावी नातलगांकडे राहून शिकले. वाफेच्या यंत्रात जळणाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो, बाकीची वाया जाते, हे पुढे म्युनिक येथे शिकताना त्यांना समजले. हा अपव्यय त्यांच्या मनाला सलू लागला.

हवा अतिशय दाबली म्हणजे ती तापते. तीत तेल सोडताच ते ठिणगीवाचून पेटते. या तत्त्वावर त्यांनी इंजिन रचले. १८९३ साली पहिल्याच चाचणीत स्फोट झाला व ते थोडक्यात बचावले. पण त्यांनी धीर सोडला नाही. १८९७ साली त्यांच्या इंजिनाने शेकडा २६ भाग उष्णता कामी लावली. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावरही चालले.

कीर्ती लाभली, तरी प्रकृती ढासळली आणि कर्जही वाढले. १९१३ साली इंग्लंडला जाताना ते आगबोटीवरून नाहीसे झाले. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि त्या जर्मन संशोधकाचे नाव मराठी शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात रुळले.