फ्रेडरिक लँचेस्टर: ऑइल पंप बदलण्याआधी ओळख करून घ्यावी असा इंजिनिअर

इंजिनाची ताकद वाढवायची म्हटलं की आपलं लक्ष आधी टर्बो, पिस्टन, कॅमशाफ्टकडे जातं. ऑइल पंपाची आठवण होते ती बहुतेकदा बेअरिंग गेल्यावर! पंप निवडताना तेलाचा दाब, क्रँकशाफ्टची कंपनं आणि बॅलन्स शाफ्ट या तिन्ही गोष्टी बघाव्या लागतात. गंमत म्हणजे, या तिन्हींवर शंभर वर्षांपूर्वी एकाच माणसाने काम करून ठेवलंय.

फ्रेडरिक लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ चा, लंडनमधला. वडील आर्किटेक्ट. साउथ केन्सिंग्टनला शिकले, पण पदवी काही घेतली नाही. १८८९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका गॅस इंजिन कारखान्यात नोकरी लागली. तुमचे शोध कंपनीच्या मालकीचे, असं एक कलम करारात होतं. लँचेस्टर यांनी ते खोडलं आणि मगच सही केली. १८९६ मध्ये त्यांची पहिली मोटार रस्त्यावर आली आणि १८९९ मध्ये स्वतःची कंपनी उभी राहिली.

तेलाचा दाब

त्या काळात बऱ्याच इंजिनांना तेल मिळायचं ते थेंबाथेंबाने, नाहीतर फिरत्या भागांनी उडवलेल्या शिंतोड्यांतून. लँचेस्टर यांनी १९०४ च्या चार सिलिंडरच्या इंजिनात पंपाच्या दाबाने तेल पुरवलं. तेव्हा हे फारच दुर्मीळ होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पंप देतो तेलाचा प्रवाह. दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. बेअरिंगमधली फट वाढवली असेल तर तेल जास्त वाहून जातं, म्हणून जास्त प्रवाहाचा पंप लागतो. फट कंपनीचीच ठेवली असेल, तर मोठ्या पंपाचं जादा तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत फिरतं. हाती काय लागतं? तापलेलं तेल आणि वाया गेलेली ताकद. दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय, हा मेकॅनिक लोकांचा जुना अंदाज सुरुवातीला पुरतो.

क्रँकशाफ्टची कंपनं

१९०९ पासून लँचेस्टर डेमलर कंपनीचे सल्लागार होते. सहा सिलिंडरच्या इंजिनात लांब क्रँकशाफ्ट प्रत्येक धक्क्याला किंचित पिळवटतो आणि सुटतो. त्यावर त्यांनी डँपर बनवला, जो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. आज अनेक इंजिनांत ऑइल पंपाचे गिअर थेट क्रँकशाफ्टच्या टोकावरच बसतात. हलकी पुली हवी म्हणून डँपर काढला, की ही कंपनं पंपाच्या गिअरवर येतात. भुकटी दाबून बनवलेले गिअर जास्त आरपीएमला तडकू शकतात. म्हणून अखंड स्टीलमधून कापलेले गिअर घ्यावेत, आणि डँपर चांगला ठेवावा.

बॅलन्स शाफ्ट

चार सिलिंडरच्या इंजिनातली थरथर मारण्यासाठी क्रँकच्या दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन शाफ्ट, ही कल्पनाही त्यांचीच. मित्सुबिशीने ती १९७० च्या दशकात पुन्हा वापरात आणली. लॅन्सर इव्होच्या ४जी६३ इंजिनात तर यातला एक शाफ्ट ऑइल पंपाच्या गिअरलाच जोडलेला असतो. ट्यूनिंगवाले हे शाफ्ट काढून टाकतात. पण तिथे जाणारी तेलाची भोकं बंद करायला विसरलात, तर दाब तिथेच गळून जाणार.

पुढे काय झालं?

हातात ऑर्डरी असूनही १९०४ मध्ये भांडवलाअभावी कंपनी अडचणीत आली. नंतर नव्या रूपात उभी राहिली आणि डिझाइनची जबाबदारी धाकटे भाऊ जॉर्ज यांच्याकडे गेली. फ्रेडरिक यांनी विमानाच्या उड्डाणावर ग्रंथ लिहिले. १९२२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पैसा मात्र हाती लागला नाही. म्हातारपणी पार्किन्सन्सने गाठलं, आणि स्वतःच्या घरात राहता आलं ते लोकांच्या मदतीमुळे. ८ मार्च १९४६ ला त्यांचं निधन झालं.

करारातलं कलम खोडून शोध स्वतःकडे राखता आले, पण त्यांची कमाई राखता आली नाही. आपल्यासाठी धडा मात्र सरळ आहे: पंप एकटा निवडायचा नसतो. बेअरिंगची फट, डँपर आणि बॅलन्स शाफ्टचं काय करणार, हे आधी कागदावर लिहा. पंपाची ऑर्डर त्यानंतर.