समजून घ्या : ताराबाई मोडक कोण होत्या? अंगणवाडीच्या ताईंचे प्रशिक्षण कुठून सुरू झाले?

अंगणवाडी म्हटले की डोळ्यासमोर येतो खाऊ, वजनकाटा, रजिस्टर आणि मुलांच्या गराड्यातल्या ताई. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. मात्र लहान मुलांची शाळा थेट वस्तीतल्या अंगणात भरवण्याचा प्रयोग त्याआधी सुमारे तीन दशके आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी गावात सुरू झाला होता. तो ताराबाई मोडक यांनी केला. या मुलांना शिकवणाऱ्या ताई कशा तयार करायच्या, हा प्रश्नही त्यांनी आयुष्यभर लावून धरला.

मुंबई ते राजकोट

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घरात प्रार्थना समाजाचे वातावरण होते. मुलींनी शाळेत जाणेही दुर्मीळ असलेल्या काळात, १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये घटस्फोट झाला.

एका मुलीची जबाबदारी होती आणि नोकरीची गरजही. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. हे शिक्षिका घडवणारे कॉलेज होते. पद मानाचे आणि पगारही चांगला. तरीही त्यांनी ही नोकरी सोडली.

नोकरी का सोडली?

कारण होते भावनगर. तिथे वकिली सोडून शिक्षणात आलेले गिजुभाई बधेका दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० पासून बालमंदिर चालवत होते. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील गरीब वस्तीत बालगृह सुरू केले होते. गिजुभाईंच्या प्रयोगाला त्याच विचारांचा आधार होता. मूल स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने शिकते आणि शिक्षकाने त्याला वाट मोकळी करून द्यायची, असा हा विचार.

त्या काळी शाळा म्हणजे छडी, घोकंपट्टी आणि हाताची घडी. स्वतः तशाच शाळेत शिकलेली शिक्षिका नव्या पद्धतीने कशी शिकवणार, हा खरा पेच होता. त्यामुळे बालमंदिराच्या जोडीला शिक्षकांसाठी अध्यापन मंदिरही चालवले गेले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाची शिक्षणपत्रिका गुजरातीनंतर मराठी आणि हिंदीतही निघू लागली. दूरच्या गावातल्या शिक्षकासाठी ही पत्रिका म्हणजे घरपोच प्रशिक्षणच होते.

दादरहून बोर्डीला

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. इथेही मुलांच्या शाळेबरोबर शिक्षिकांचे वर्ग होते. काम नावारूपाला आले, पण एक त्रुटी ठळकपणे दिसत होती. माँटेसरीची साधने महाग होती आणि त्यामुळे हे शिक्षण शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांपुरतेच राहत होते.

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र उभे केले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्या सोबतीला आल्या.

अंगणवाडीची कल्पना कशी आली?

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण सर्वात गरीब घरांतली मुले तिथे येईनात. आईवडील मजुरीला जात. थोरली मुले धाकट्यांना सांभाळत किंवा गुरे राखत. मग शाळाच मुलांकडे न्यायचे ठरले. तिची रूपे अशी होती :

- अंगणवाडी : वस्तीतल्याच अंगणात भरणारी बालवाडी. अंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे यापासून दिवसाची सुरुवात.
- कुरणशाळा : गुरे राखणाऱ्या मुलांसाठी थेट चराईच्या जागी भरणारी शाळा.
- विकासवाडी : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले की थोरली बहीण वर्गात बसू शकत असे.

साधनांचा प्रश्नही गावातच सुटला. शिंपले, बिया, पाने, खडे यांतून मोजणी, रंग आणि आकार शिकवता येऊ लागले. यामुळे शिक्षिकेचे काम बदलले. तयार पेटी उघडून साधने मांडणे पुरेसे नव्हते. कोणती वस्तू कशासाठी वापरायची आणि मूल त्यातून काय शिकते आहे, हे तिला स्वतः ओळखावे लागे. त्यासाठी वर्गातल्या व्याख्यानापेक्षा प्रत्यक्ष वस्तीत, मुलांसोबत काम करत शिकणे गरजेचे होते.

१९५० च्या दशकात हे काम जवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. तिथे वारली आदिवासी पाड्यांतील मुलांची शाळा आणि बालसेविकांचे प्रशिक्षण एकाच परिसरात चालले. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत कोसबाडचे काम सांभाळले.

आज याचे महत्त्व काय?

राज्यात आज एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पोषण आहार, लसीकरणाला मदत, मोबाइल ॲपवरच्या नोंदी आणि सर्वेक्षणे सांभाळून सेविकेने शिकवायचेही असते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली आहे. सेविकेला शिक्षिका म्हणून तयार करावे लागते, हे धोरणाने मान्य केले आहे. तिच्या दिवसातले किती तास प्रत्यक्ष मुलांसाठी उरतात, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.